चिमणी नव्हे, शंकर!

 

गेल्या नोव्हेंबरात बाईंनी आमच्या मुलीच्या गटाला गृहपाठ दिला होता. विषय होता 'मी पाहिलेला एक पक्षी', दहा ओळी. असा गृहपाठ आला की आपण पालक काय करतो? मोर, नाहीतर पोपट! त्या दहा ओळी आपल्याला शाळेपासून पाठ असतात. मीही मोर सुचवला. पण कन्येने विषय पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवला. "बाबा, 'पाहिलेला' असं लिहिलंय. मोर मी कुठे पाहिलाय?"

झाले होते असे, की दोनच आठवड्यांपूर्वी आम्ही अबू धाबीजवळच्या अल वथबा पाणथळीवर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला गेलो होतो. आम्ही सगळे लांबवरचे गुलाबी थवे पाहत होतो आणि ही मात्र खाली वाकून पायवाटेशेजारच्या बोरूच्या बेटात पाहत होती. तिथे एक लहानसा तपकिरी पक्षी चिखलावरून तुरुतुरु पळत होता. तिला लिहायचे होते त्याच्यावर. "त्याचं नाव काय?" तिने विचारले. मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणालो, "चिमणी असेल. चिमणी लिही."

"चिमणी अशी पळत नाही. चिमणी उड्या मारते."

खरे सांगतो, मी निरुत्तर झालो. इतकी वर्षे सॉफ्टवेअरच्या कामात काढली. प्रोग्रॅम चुकला की 'आधी नीट बघा, मग अंदाज करा' हे कनिष्ठांना रोज सांगतो. आणि इथे मीच न बघता एक नाव ठोकून दिले होते, वर ते शाईने वहीत लिहायलाही सांगितले होते! तिने ते लिहिले नाही. दहा ओळी लिहिल्या आणि नावाची जागा रिकामी ठेवली. वही परत आली तेव्हा बाईंनी शेरा दिला होता : 'निरीक्षण छान. नाव शोधून काढ.' हा शेरा मुलीपेक्षा मलाच होता असे मी समजतो. त्या शोधाची ही हकीगत.

आधी जागा समजून घेऊ

वाळवंटात पाणथळ आली कुठून? अल वथबाची गोष्ट मोठी गमतीची आहे. अबू धाबी शहराच्या सांडपाण्यावर मफ्रक येथे प्रक्रिया होत असे. १९८२ साली तिथले जादा झालेले शुद्ध केलेले पाणी या सखल भागात येऊन साठले आणि तळे झाले. कुणी ठरवून बांधलेले नाही! पाण्यामागून कीटक आले, बारीक कोळंबीसारखे जीव आले आणि त्यांच्यामागून पक्षी आले. १९९८ साली रोहित पक्ष्यांनी इथे घरटी करून पिल्ले वाढवली आणि त्याच वर्षी शेख झायेद यांच्या आदेशाने ही जागा राखीव झाली. सुमारे पाच चौरस किलोमीटरच्या या जागेत अडीचशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे.

पाणथळीच्या कडेला बोरू वाढतो. हो, तोच बोरू, ज्याची लेखणी करून आपले पणजोबा मोडी गिरवीत असत. उंच, पोकळ कांड्यांचे हे गवत दाटीवाटीने वाढते. त्याच्या बुंध्याशी ओल असते, कीटक असतात आणि लपायला जागा असते. आमचा पाहुणा राहत होता तो तिथे.

पाच प्रश्न

पक्षी ओळखणे म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेत 'असे असेल तर हे, नसेल तर ते' अशी शिडी उतरणे. एकदम नावावर उडी मारायची नाही. एकेक प्रश्न विचारायचा आणि जे बसत नाही ते गाळायचे. आम्ही पाच प्रश्न ठरवून वहीत लिहिले.

१. आकार केवढा? मापासाठी घरची चिमणी घ्यायची. ती साधारण १५ सेंटीमीटर असते. हा तेवढाच किंवा किंचित लहान वाटला, पण अंगाने सडपातळ आणि पायाने उंच.

२. चालतो कसा? चिमणी टुणटुण उड्या मारते. हा चार पावले पळतो, खाडकन थांबतो, छाती ताठ करतो, शेपटी वर उचलतो, पुन्हा पळतो.

३. बसतो कुठे? बोरूच्या शेंड्यावर नाही, बुंध्याशी. चिखल आणि गवत जिथे मिळतात तिथे तो बाहेर येतो आणि जरा चाहूल लागली की आत पसार.

४. चेहरा आणि छाती कशी? डोळ्यावर ठसठशीत पांढरट भुवई. गळा पांढरट आणि त्याखाली काळ्या ठिपक्यांची माळ घातल्यासारखा पट्टा.

५. शेपटी कशी? या प्रश्नापुढे आमच्या वहीत प्रश्नचिन्हच होते.

या नोंदी एका दिवसात झाल्या नाहीत, बरे का! दुसऱ्यांदा गेलो तेव्हा निवांत नाश्ता करून साडेदहाला पोहोचलो, आणि एकही पक्षी दिसला नाही. ऊन चढले की हे महाशय गवताबाहेर येत नाहीत. तिसऱ्यांदा पहाटे उठून निघालो आणि एकाच जागी पंचवीस मिनिटे गप्प बसलो. (आमच्या घरात हा विक्रम आहे.) तेव्हा कुठे फोटो मिळाला, तोही पुसट. तो फोनमधल्या अ‍ॅपला दाखवला तर तीन वेळा तीन निरनिराळी नावे आली. मी म्हटले, त्यातले जास्त शक्य वाटते ते घेऊ या. कन्या म्हणाली, "म्हणजे पुन्हा अंदाजच ना?"

मग फोटो गेला निफाडला, तिच्या आजोबांकडे. आमचे अण्णा निवृत्त शिक्षक आहेत आणि थंडीत नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावर पक्षी पाहायला जाणे हा त्यांचा जुना छंद. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बाळा, हा शंकर दिसतो आहे. आपल्याकडेही बोरूत असतो थंडीत. पण शेपटी पाहिलीस का?"

"नाही, आजोबा."

"मग अजून नाव लिहू नकोस. उडताना शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना तांबडं दिसलं तर लिही."

चौथ्या खेपेला तेवढेच पाहायचे ठरवून गेलो. पक्षी आला, पळाला, थांबला आणि शेजारून एक माणूस मोठ्याने बोलत गेला तसा भुर्रकन उडाला. त्या क्षणी त्याची शेपटी पंख्यासारखी उघडली. बुडाशी दोन्ही बाजूंना विटकरी-तांबडा रंग, मधोमध आणि टोकाला काळपट पट्टा! सेकंदभराचे काम. पण शंकर नर असो वा मादी, लहान असो वा मोठा, ही खूण सगळ्यांत असते. गळ्याचा रंग बदलतो, शेपटी बदलत नाही. कन्येने तिथेच बसून वहीतले प्रश्नचिन्ह खोडले.

कोण कोण नव्हे?

'हा कोण' याइतकेच 'हा कोण नव्हे' हे सांगता आले पाहिजे. बोरूच्या आसपास फसवणारे आणखी चौघे आहेत.

वटवट्या : इथला वटवट्या अगदी चिमुकला, १०–११ सेंटीमीटरचा, त्यात निम्मी शेपटीच. पाठीवर बारीक रेषा. हा गवताच्या काड्यांवर चढतो-उतरतो आणि नावाप्रमाणे सतत वटवट करतो.

बोरू वटवट्या : हा चिमणीहून मोठा, लांब चोचीचा. अंगावर ठिपका नाही, माळ नाही, सगळा तपकिरी. दिसण्याआधी त्याचा कर्कश, मोठा आवाज ऐकू येतो.

गप्पीदास : हा लपतच नाही. झुडपाच्या शेंड्यावर ऐटीत बसतो, खाली झेप घेऊन किडा पकडतो आणि पुन्हा शेंड्यावर. छाती नारिंगीसर.

थिरथिरा : याचीही शेपटी तांबडी असते म्हणून गोंधळ होतो. पण ती सतत थरथरत असते, तिच्या टोकाला काळा पट्टा नसतो, आणि हा ओल्या चिखलापेक्षा कोरड्या, दगडगोट्यांच्या जागी जास्त रमतो.

पाहा बरे, ही मराठी नावेच अर्धी ओळख करून देतात! वटवट करतो तो वटवट्या, थरथरतो तो थिरथिरा. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात आयुष्य घालवले आणि रानातल्या माणसांकडून अशी नावे गोळा करून मराठीत 'पक्षिकोश' तयार केला. २०२५ साली ते गेले, पण नावे आपल्यापाशी राहिली आहेत. ती वापरली तर टिकतील.

शंकर का म्हणायचे?

समुद्रमंथनाची गोष्ट तुम्हाला वर्गात सांगितलेलीच आहे. हलाहल प्यायल्याने शंकराचा गळा निळा झाला. या पक्ष्याच्या नराचा गळाही निळाभोर असतो, मध्ये तांबडा किंवा पांढरा ठिपका आणि खाली काळी, पांढरी, तांबडी पट्टी. इंग्रजीतही त्याला 'ब्लूथ्रोट', म्हणजे निळ्या गळ्याचा, असेच म्हणतात. शास्त्रीय नाव लुसिनिया स्वेसिका. स्वेसिका म्हणजे स्वीडनची. १७५८ साली स्वीडनच्याच लिनियसने ते नाव दिले.

आता एक गंमत. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीळकंठ, म्हणजेच चास, तुम्ही दुबईत, अबू धाबीत दिव्याच्या खांबावर किंवा खजुरावर नक्की पाहिला असेल. उडाला की निळ्या पंखांची आतषबाजी! पण बसलेला असताना त्याचा गळा नीट पाहा. निळा नसतोच! गुलाबी-तपकिरी असतो. नाव नीळकंठ, पण कंठ निळा नाही. खरा निळ्या कंठाचा तो आपला हा चिखलातला छोटा शंकर.

मग आम्ही पाहिलेल्या पक्ष्याचा गळा पांढरट का होता? कारण ती मादी होती. मादीच्या गळ्यावर निळे अगदी थोडे, बऱ्याचदा नसतेच. नराचाही निळा रंग हिवाळ्याच्या सुरुवातीला फिका आणि तुटक असतो, वसंताकडे तो भरत जातो. हे समजल्यावर कन्येने विचारले, "मग ही शंकर कशी? पार्वती म्हणायला पाहिजे!" पक्षिकोशात असे नाव नाही, पण आमच्या घरात तेच रूढ झाले आहे.

रंगाशिवाय निळा

इंजिनियर वाचकांसाठी एक गोष्ट. शंकराच्या निळ्या पिसात निळा रंग नसतोच! जास्वंदीच्या पाकळीत जसे लाल रंगद्रव्य असते तसे निळे द्रव्य त्या पिसात नाही. पिसाच्या आत केरॅटिन आणि हवेचे कण इतक्या बारीक रचनेत बसलेले असतात की प्रकाशातला निळा भाग तेवढा एकमेकांना बळ देऊन परत फिरतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ना, त्याच्याच नात्यातला हा प्रकार. केरॅटिन म्हणजे आपली नखे ज्याची बनतात तेच द्रव्य. तपकिरी आणि तांबड्या भागात मात्र खरोखरचे रंगद्रव्य असते. शिवाय त्या निळ्या गळ्यातून अतिनील किरणही परत फिरतात. ते आपल्याला दिसत नाहीत, पण पक्ष्यांना दिसतात. म्हणजे शंकराचा गळा खरा कसा दिसतो हे फक्त शंकरालाच ठाऊक!

खाणे, बोलणे, प्रवास

शंकराचे वजन साधारण १५ ते २० ग्रॅम, भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या पेन्सिल सेलपेक्षाही कमी. खाणे मुख्यतः किडे, कोळी, अळ्या. हिवाळ्यात तो एकेकटा राहतो. इथे असताना बहुधा 'चॅक् चॅक्' एवढेच बोलतो. गाणे राखून ठेवतो ते उत्तरेसाठी. तिकडे वसंतात नर गातो आणि त्यात आजूबाजूच्या पक्ष्यांच्या नकला बेमालूम मिसळतो. त्याच्याच गोतातल्या एका पक्ष्याला फिनलंडमध्ये 'सताकिएली' म्हणतात, म्हणजे शंभर जिभांचा. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, खाली दुकानात हिंदी आणि परीक्षेला अरबी बोलणाऱ्या तुम्हा मुलांना हे बिरुद चालेल का?

शंकराचे पैदाशीचे प्रदेश युरोपपासून सैबेरियापार अलास्काच्या टोकापर्यंत पसरले आहेत. मादी जमिनीलगत झुडपाच्या आडोशाला वाटीसारखे घरटे करते आणि सुमारे दोन आठवडे अंडी उबवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पक्षी दक्षिणेकडे निघतात, तेही रात्री. काही इथे उतरतात, काही आणखी पुढे जातात.

ते कुठे जातात हे कसे कळले? नॉर्वे आणि झेक प्रजासत्ताकातल्या शंकर पक्ष्यांच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी हलके यंत्र बसवले. या यंत्राला उपग्रह लागत नाही. ते फक्त उजेड किती आणि केव्हा हे नोंदवते. दिवस किती लांब यावरून पक्षी किती उत्तरेला आहे ते कळते, आणि माध्यान्ह केव्हा झाली यावरून किती पूर्वेला आहे ते कळते. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. मुंबई आणि दुबई यांच्यात साडेसतरा अंशांचे अंतर आहे, म्हणून मुंबईत सूर्य माथ्यावर आल्यानंतर सुमारे ७० मिनिटांनी तो दुबईत माथ्यावर येतो. गणित तुम्हीही करून पाहा. मात्र यंत्र संदेश पाठवत नाही. पुढच्या वर्षी तोच पक्षी पुन्हा सापडला तरच नोंद हाती लागते! असे काही पक्षी सापडले आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : हे युरोपातले शंकर आफ्रिकेकडे न वळता आग्नेयेला उडत थेट भारतीय उपखंडात हिवाळा काढतात.

त्याचे घर कोणते?

हे सगळे वहीत उतरवल्यावर कन्येने अकरावी ओळ म्हणून एक प्रश्न लिहिला : 'त्याचे घर कोणते?' हा प्रश्न तिलाही विचारतात. शाळेत विचारतात 'तू कुठली?', आणि सुट्टीत निफाडला गेलो की तिथेही 'तू कुठली?'. तिला दोन्हीकडे उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो, हे मी पाहिले आहे.

मी तिला पक्ष्याचे उत्तर सांगितले, कारण ते मला ठाऊक झाले होते. अंडी घालतो ती जागा उत्तरेत. पण वर्षातले निम्मे महिने तो इथल्या किंवा नांदूर मधमेश्वरच्या चिखलावर जगतो, आणि त्यातली एक जागा जरी गेली तरी दुसरी त्याला वाचवू शकत नाही. उत्तरेतली झुडपे शाबूत राहिली आणि इथला बोरू वाळला तर वसंतात परत जायला शंकर उरणारच नाही. म्हणूनच १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळींसाठी देशोदेशींचा करार झाला. दुबईचे रास अल खोर २००७ साली त्या यादीत गेले, अल वथबा २०१३ साली आणि आजोबांचे नांदूर मधमेश्वर २०१९ साली. तिन्ही नावे एकाच यादीत आहेत.

"म्हणजे दोन्ही," ती म्हणाली, आणि तिने तसे लिहिले. मीही त्यात काही दुरुस्ती केली नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. जाण्याआधी पाणथळ कोणत्या दिवशी, किती वाजता उघडी असते ते पाहून घ्या. सकाळी लवकर जा. मळकट रंगाचे कपडे घाला. बोरू आणि चिखल जिथे मिळतात त्या सांध्यावर नजर ठेवा. (प्रोग्रॅममधल्या चुकाही बहुधा दोन भागांच्या सांध्यावरच सापडतात!) गवतात शिरू नका, आवाज लावून पक्ष्याला बोलावू नका. वहीत आकार, चाल, जागा, छाती आणि शेपटी असे पाच रकाने आखा. जे दिसले तेवढेच लिहा. जे दिसले नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि ते टाकायला लाजू नका.

पालकांना एकच विनंती. मुलांनी नाव विचारले आणि आपल्याला येत नसेल तर 'चिमणी असेल' म्हणू नका. 'चल, बघू या' म्हणा. पहाटे उठावे लागते खरे, पण ते परवडते.